दोन मनोऱ्यांचं चर्च: सें-तेगोनेकचं प्रकरण

सें-तेगोनेकच्या चर्चला दोन मनोरे आहेत. पहिला १५६३ चा, पश्चिमेच्या भिंतीवर बसवलेला, सडपातळ, जुन्या गॉथिक वळणाचा. दुसऱ्याचं काम १५९९ मध्ये सुरू झालं. तो दक्षिणेच्या देवडीवर उभा आहे: चौकोनी, दणकट, वर घुमट आणि कोपऱ्यांना छोटी शिखरं. घंटा टांगायला एक मनोरा पुरतो. तरीही गावाने दुसरा बांधला, आणि पहिला पाडला नाही. आजही दूरून पाहिलं की थोरल्या भावाच्या खांद्यामागून धाकटा डोकावतो आहे असं वाटतं, फक्त वयाने हिशेब उलटा आहे.

हे गाव फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीच्या फिनिस्तेर जिल्ह्यात, मोर्ले शहराच्या जवळ आहे. वस्ती जेमतेम काही हजारांची. इथे कधी बिशपची गादी नव्हती, राजवाडा नव्हता, मोठी बाजारपेठही नव्हती. चर्च साध्या पॅरिशचं, वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात तसल्या. आणि तरी इथे दगडी विजयकमान आहे, कोरीव क्रूसस्तंभ आहे, राजवाड्याला शोभेल असं अस्थिगृह आहे, आणि आत सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या ओकच्या लाकडाची दाटी आहे. एवढा पैसा आला कुठून, आणि तो इथेच का ओतला गेला, हे या प्रकरणातले दोन मुख्य प्रश्न. तिसरा प्रश्न १९९८ साली एका रात्रीत उभा राहिला. त्याकडे शेवटी येऊ.

जवसाचा पैसा

आपल्याकडे जवस म्हणजे चटणी आणि तेल. पण त्याच झाडाच्या खोडातून जो धागा निघतो त्याचं लिनन होतं, आणि ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लेओन प्रांताने सोळाव्या-सतराव्या शतकात त्यावर घरं भरली. किनाऱ्याकडच्या सुपीक पट्ट्यात जवस पिकायचा, आतल्या गावांमध्ये सूत निघायचं आणि विणकाम व्हायचं. सें-तेगोनेक, गिमिल्यो, लांपोल ही आतली गावं.

धागा मऊ हवा असेल तर झाड बी पिकण्याआधीच उपटावं लागतं. म्हणजे पुढच्या हंगामाचं चांगलं बियाणं शेतात तयार होत नाही. म्हणून बियाणं बाल्टिक समुद्राकडून जहाजाने रोस्कोफ बंदरात यायचं. एका खेड्यातल्या शेतकऱ्याचं पीक त्या काळी उत्तर युरोपच्या दुसऱ्या टोकावर अवलंबून होतं. तयार कापड मोर्ले बंदरातून इंग्लंडला जायचं आणि स्पेनलाही, तिथून पुढे स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींपर्यंत. या कापडाला ‘क्रे’ म्हणत. अंगरखे, चादरी यांसाठी ते वापरात होतं.

लेओनच्या कापडाची खरी ताकद पांढरेपणात होती. इथे सूत विणण्याआधीच धुऊन पांढरं करत. त्यासाठी ओढ्याकाठी बुटक्या दगडी इमारती बांधलेल्या असत. ब्रेटन भाषेत त्यांना ‘कांदी’ म्हणतात. आत दगडी कुंड, चूल आणि लाकडाच्या राखेचा साठा. राखेच्या पाण्यात सूत उकळायचं, ओढ्यात खंगाळायचं, गवतावर पसरायचं, पुन्हा उकळायचं. आपल्या आज्या राखेने भांडी घासत आणि धुणं भट्टीला लावत, तोच क्षार, तेच काम. या कांद्यांची पडकी जोती त्या भागातल्या ओढ्यांच्या कडेला अजून सापडतात. मला विचाराल तर चर्च पाहण्याआधी एखादी कांदी पाहावी. आतल्या सोन्याच्या वर्खामागे या राखेचं पाणी आहे.

या धंद्यातून एक वर्ग वर आला. त्याला ‘जुलोदेद’ म्हणत: जमीनही कसणारे, विणकऱ्यांना सूत देणारे, कापड गोळा करून बंदरात नेणारे शेतकरी-व्यापारी. ते सरदार नव्हते आणि शहरी शेठही नव्हते. पोशाख शेतकऱ्याचाच, बोली ब्रेटन, आणि सोयरिकी आपापसांतच. गावात पत मोठी, पण ती दाखवायची कुठे?

पैसा चर्चमध्येच का गेला

याचं सोपं उत्तर धर्मश्रद्धा असं दिलं जातं. ते खोटं नाही, अपुरं आहे. श्रद्धा शेजारच्या गरीब गावांतही तेवढीच होती. इथे फरक पडला तो एका संस्थेमुळे.

पॅरिशच्या मालमत्तेचा कारभार ‘फाब्रिक’ नावाची मंडळी पाहत. गोव्यातल्या वाचकाला हा शब्द परका वाटू नये. तिथल्या चर्चच्या व्यवहारात ‘फाब्रिका’ अजून आहे, तीच जुनी कॅथलिक व्यवस्था. धर्मगुरू पूजाअर्चा पाहणार, आणि जमिनीचं भाडं, देणग्या, मृत्युपत्रातली दानं, चर्चच्या आत दफनाचं शुल्क, हे सगळं गावातून निवडलेले प्रतिनिधी पाहणार. हे प्रतिनिधी म्हणजे बहुतेक वेळा तेच जुलोदेद. म्हणजे ज्यांच्या हातात कापडाचा धंदा, त्यांच्याच हातात चर्चची तिजोरी. कमान बांधायची की मनोरा, कोणत्या सुताराला बोलवायचं, करार किती रकमेचा, हे तेच ठरवत. आणि व्यापारी माणसं असल्याने हिशेब लिहून ठेवत. या वास्तूतल्या बऱ्याच कारागिरांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण पैसे दिल्याची नोंद आहे.

या निर्णयांची बैठक कुठे व्हायची? ब्रिटनीच्या चर्चना दक्षिणेच्या बाजूला खोल देवडी असते, दोन्हीकडे दगडी बाक. प्रार्थना संपली की कारभारी मंडळी तिथे बसत. आता पुन्हा दुसऱ्या मनोऱ्याकडे पाहा. तो कशावर उभा आहे? दक्षिणेच्या देवडीवर, म्हणजे कारभाऱ्यांच्या बैठकीच्या डोक्यावर. हा निव्वळ योगायोग असेलही, पण मला त्यात गंमत वाटते.

आणि मग शेजारी. गिमिल्यो हे गाव इथून जेमतेम सात किलोमीटरवर. तिथल्या लोकांनी १५८१ ते १५८८ या काळात असा क्रूसस्तंभ उभारला की त्यावर दोनशेच्या आसपास दगडी आकृत्या आहेत. सें-तेगोनेकने १५८७ मध्ये विजयकमानीला हात घातला. दक्षिणेकडच्या प्लेबेनने घुमटवाला मनोरा सुरू केला, तर इथे तसाच सुरू झाला. १६७५ मध्ये गिमिल्योने बाप्तिस्म्याच्या कुंडावर ओकचं कोरीव छत्र चढवलं आणि १६७७ मध्ये नवं प्रवचनपीठ केलं. सें-तेगोनेकचं प्रवचनपीठ १६८३ चं, आणि ते गिमिल्योच्या पीठाहून वरचढ आहे याबद्दल फारसं दुमत नाही. तारखा अशा शेजारीशेजारी मांडल्या की त्यातून भक्ती जेवढी दिसते तेवढीच ईर्षाही दिसते. हौसेला मोल नसतं, पण शेजाऱ्याच्या हौसेला तोडीस तोड द्यायची तर मोजावंच लागतं.

आवारात शिरताना

या वास्तुसमूहाला फ्रेंचमध्ये ‘आंक्लो पारवास्याल’ म्हणतात, म्हणजे चर्चचं बंदिस्त आवार. भोवती बुटकी भिंत, आत दफनभूमी, चर्च, क्रूसस्तंभ आणि अस्थिगृह. आत जायची मोठी वाट कमानीतून. गावकऱ्याच्या आयुष्यातले सगळे महत्त्वाचे दिवस याच वाटेने जायचे, शेवटचा धरून. ब्रेटनमध्ये अशा दाराला मृत्यूचं दार असंही म्हणतात.

सें-तेगोनेकची कमान पाहिल्यावर पहिला विचार येतो तो रोमन विजयकमानीचा, आणि दुसरा असा की ही पूर्णपणे रोमन नाही. चार जाड खांब, त्यावर गोलसर शिंपल्यांसारखे आकार, छोटे कंदिलाच्या आकाराचे कळस, एकावर एक. इटलीतून आलेली रेनेसाँची भाषा इथपर्यंत पोचताना शेतकऱ्यांच्या तोंडी बसली आणि तिचे उच्चार बदलले. शहरातल्या वास्तुविशारदाने खांबांची प्रमाणं नाकारली असती. इथल्या गवंड्यांनी ती मनमुराद वाढवली.

क्रूसस्तंभ १६१० चा. ब्रिटनीतल्या मोठ्या क्रूसस्तंभांच्या परंपरेतला हा शेवटचा म्हणायला हवा. गिमिल्योच्या मानाने तो लहान आहे, पण माझ्या मते अधिक नेमका. तिथे गर्दीत नजर हरवते, इथे प्रत्येक चेहरा वाचता येतो. दगड केरसांतों जातीचा: ब्रेस्टच्या खाडीच्या काठचा, गडद राखाडी, बारीक कणांचा. खाणीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो, नंतर हवेने कडक होतो. म्हणून बारीक कोरीव काम त्यावर चारशे वर्षं टिकतं. ग्रॅनाइटवर पापणी कोरता येत नाही, यावर येते.

वरती क्रूसावरच्या येशूचं रक्त देवदूत पेल्यांत झेलताहेत. खाली त्याच्या छळाचे प्रसंग. छळ करणाऱ्यांच्या अंगावर पॅलेस्टाइनमधल्या रोमन शिपायांचे कपडे नाहीत. फ्रेंच दरबारातल्या आणि लष्करातल्या माणसांचे आहेत. त्यांतल्या एका तोंड वेंगाडणाऱ्या इसमाचा चेहरा राजा चौथ्या हेन्रीचा आहे असं गावात सांगतात. ते खरं की खोटं हे चेहऱ्यावरून सिद्ध होणार नाही. पण अशी गोष्ट का रुजली हे समजू शकतं. हेन्री प्रोटेस्टंट म्हणून वाढलेला, आणि ब्रिटनी त्याच्या विरोधात १५९८ पर्यंत लढत राहिलेला प्रांत. राजाने कॅथलिक पंथ स्वीकारला, नांत शहरातून तहाचा हुकूम काढला, पण मनातली अढी काढायला हुकूम पुरत नाही. क्रूसस्तंभ उभा राहिला त्याच वर्षी पॅरिसमध्ये हेन्रीचा खून झाला.

तळाशी एका कोनाड्यात गावाचा संत आहे, तेगोनेक, आणि त्याच्या पायाशी छोटी गाडी. गाडीला लांडगा जुंपलेला. दंतकथा अशी की संत चर्चसाठी दगड वाहत होता, गाडी ओढणारं जनावर लांडग्याने खाल्लं, तेव्हा संताने त्या लांडग्यालाच जुंपलं. ज्या गावाला कोरण्याचा दगड खाडीकडून इतक्या लांब आणावा लागत होता, तिथे दगडाच्या गाडीची गोष्ट जिवंत राहिली यात नवल नाही.

तिसरी वास्तू अस्थिगृह, १६७६ ते १६८२. दफनभूमी लहान, माणसं मरतच राहणार. म्हणून जुनी हाडं काढून वेगळ्या ठिकाणी रचायची ही ब्रिटनीतली रूढ पद्धत. पण सें-तेगोनेकची ही इमारत हाडांच्या कोठीपेक्षा खूप मोठी आणि सजलेली आहे, मृतांसाठीचं स्वतंत्र प्रार्थनागृहच. खिडक्यांची ओळ, मध्ये खांब, वर कोनाड्यांची ओळ. दर्शनी भागावर लॅटिनमध्ये कोरलंय: आज मी, उद्या तू. तारीख लक्षात घ्या. १६७५ मध्ये राजाने लादलेल्या करांविरुद्ध ब्रिटनीत मोठं बंड झालं. त्याचा जोर दक्षिणेकडच्या कॉर्नुआय भागात होता. तिकडे धरपकड चालू होती आणि इकडे लेओनमध्ये पुढच्याच वर्षी गाव नव्या इमारतीचा पाया खणत होतं. खजिना अजून भरलेला होता.

लाकडाचं शतक

तो फार काळ भरलेला राहणार नव्हता. फ्रान्सचा अर्थमंत्री कोल्बेर याने १६६७ मध्ये परदेशी मालावर जबर जकात बसवली. इंग्लंडने १६७८ मध्ये फ्रेंच मालावर बंदी घातली. १६८९ पासून दोन्ही देशांत सरळ युद्ध पेटलं, ते थोड्या उसंतीनंतर १७१३ पर्यंत चाललं. लेओनच्या कापडाचं इंग्लंडचं गिऱ्हाईक तुटलं. धंदा एका दिवसात बसला नाही, स्पेनकडे माल जात राहिला, पण वाढ थांबली. पुढे एकोणिसाव्या शतकात सुती कापडाने आणि यंत्रांनी त्याला संपवलं.

आवारात १६८२ नंतर तशी मोठी स्वतंत्र वास्तू उभी राहिली नाही. ओघ लाकडाकडे वळला. आणि इथेच या चर्चमधली सर्वांत देखणी कामं आहेत. प्रवचनपीठ १६८३ चं, लांदिविझ्योच्या फ्रांस्वा आणि गियोम लेरेल यांच्या हातचं. पीठाच्या फळ्यांवर शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारे चार संत, कोपऱ्यांवर विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार सद्गुण स्त्रीरूपात. पाठीच्या फळीवर देव मोझेसला आज्ञापट देतो आहे. वरचं आवाज परतवणारं छत्र १७३२ चं, त्याच्या टोकावर अंतिम न्यायाचं तुतारी फुंकणारा देवदूत. पीठाला आधार देणारा भाग सुद्धा कोरल्यावाचून सोडलेला नाही.

गियोम लेरेलनेच १६९७ मध्ये जपमाळेची वेदी केली. मारिया संत डॉमिनिक आणि सिएनाची संत कॅथरिन यांना जपमाळ देते आहे असा प्रसंग तिच्यात आहे. अशा वेद्या तेव्हा ब्रिटनीभर बसत होत्या. प्रोटेस्टंट पंथाला उत्तर म्हणून कॅथलिक चर्चने जपमाळेची भक्ती गावोगाव रुजवली, त्याचाच हा भाग. एकाच साच्यातल्या शंभर वेद्या पाहून कंटाळा येऊ शकतो, हे कबूल करतो. पण लेरेलच्या आकृत्या साच्यातल्या वाटत नाहीत.

माझ्या मते सगळ्यांत वरचं काम मात्र चर्चच्या आत नाहीच. अस्थिगृहाच्या खालच्या तळघरात येशूला कबरीत ठेवण्याचा प्रसंग आहे, झाक लेस्पान्योल या मोर्लेच्या शिल्पकाराने १६९९ ते १७०२ मध्ये ओकच्या लाकडात केलेला. आकृत्या माणसाच्या उंचीच्या, रंगवलेल्या. मारिया, योहान, मग्दालेना, हातात रुमाल घेतलेली वेरोनिका. कबरीत ठेवलं जाणारं शरीर खरोखर जड दिसतं. वर मनोरे आणि कमानी गाव जगाला दाखवत होतं. इथे खाली, जमिनीच्या पोटात, दाखवण्याचा सोस नाही.

गरिबीने काय राखलं

पैसा आटल्याचा एक परिणाम असा झाला की जे उभं होतं ते बदलायची ऐपत राहिली नाही. श्रीमंत गावं दर दोन पिढ्यांनी चर्च नव्या फॅशनचं करून घेतात. शेजारच्या लांपोल-गिमिल्योच्या मनोऱ्यावर १८०९ मध्ये वीज पडली, शिखर कोसळलं, आणि आजही तो मनोरा बुटकाच आहे. त्याच्या दोनशे वर्षं आधी, ईर्षेच्या काळात, हे घडलं असतं तर नवं शिखर दहा वर्षांत आणि आधीच्यापेक्षा उंच झालं असतं. सतराव्या शतकाचं गाव जसंच्या तसं पाहायला मिळतं याचं श्रेय जतनाच्या दूरदृष्टीला देणं चुकीचं ठरेल. बरंचसं काम रिकाम्या खिशाने केलं.

८ जून १९९८

त्या दिवशी चर्चला आग लागली. ब्रिटनीतल्या बहुतेक ग्रामीण चर्चचं छत दगडी कमानींचं नसतं. लाकडी सांगाडा, आतून फळ्यांचं अस्तर, वर स्लेटच्या पाटीचं छप्पर. उलटी ठेवलेली होडीच. बांधायला स्वस्त, भिंतींवर भार कमी, आणि पेटली तर थांबवणं कठीण. छप्पर कोसळलं, आतल्या लाकडी वेद्यांचं मोठं नुकसान झालं. अशा वेळी आगीइतकंच विझवण्याचं पाणी आणि काजळीही नासाडी करते, कारण रंगाचे आणि वर्खाचे थर ओलीने सुटतात. प्रवचनपीठ वाचलं.

तिसरा प्रश्न इथे उभा राहिला: जे जळालं त्याचं काय करायचं? १९०५ च्या कायद्यामुळे फ्रान्समधली त्याआधीची पॅरिश चर्चं गावाच्या मालकीची आहेत. धर्मसंस्था ती वापरते. म्हणजे छपराची चिंता पुन्हा गावाच्याच बैठकीत आली, फक्त आता शेजारी राज्याचा स्मारक विभाग बसलेला होता.

सांगाडा पुन्हा बांधणं हा तुलनेने सोपा भाग. कोरीव लाकडाचं तसं नाही. अर्धी जळालेली मूर्ती नव्या ओकने पुरी केली तर ती लेरेलची उरते का? नाही केली तर वेदीवर काळं भगदाड राहतं, आणि हे चालू चर्च आहे, संग्रहालय नाही. रविवारी तिथे लोक गुडघे टेकतात. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जगभरच्या जतनकारांना सांगितलं आहे की नवा भाग मूळ कामाशी सुसंगत हवा, पण वेगळा ओळखूही यायला हवा. कागदावर हे वाक्य छान आहे. सतराव्या शतकातल्या बरॉक शैलीची वेदी मात्र मुळात भरगच्चपणावरच उभी असते, आणि तिच्यात ओळखू येणारा जोड म्हणजे गवयाने तानेच्या मध्येच थांबून ‘इथून पुढचं माझं’ असं सांगण्यासारखं आहे. माझा कल पुरी करण्याकडे आहे, पण दुसरी बाजू मला कळते: बेमालूम केलेलं काम पुढच्या अभ्यासकाला फसवतं.

दुरुस्तीचं काम सात वर्षं चाललं, २००५ पर्यंत. पहिलं चर्च बांधणाऱ्यांनी एका मनोऱ्याला लावला त्याहून हा वेळ कमी आहे.

२०१६ मध्ये हे गाव शेजारच्या लोक-एगिने गावाशी मिळून एक नगरपालिका झालं. पॅरिसहून ब्रेस्टला जाणारी गाडी मोर्लेला थांबते, तिथून पुढे रस्त्याने जायचं. जमलं तर आधी गिमिल्यो पाहा आणि मग इथे या, कारण इथल्या बैठकीतल्या मंडळींनीही बहुधा त्याच क्रमाने पाहिलं होतं. कमानीतून आत शिरल्यावर मनोऱ्याकडे मान वर करून झाली की अस्थिगृहाच्या पायऱ्या उतरायला विसरू नका. तळघरात अंधार असतो, आणि रंगवलेले चेहरे दिसायला डोळ्यांना थोडा वेळ लागतो.